चादरीआडचे शब्द

लूकचं वर्ष, तिकिम्त महिन्याची १४

ताई अस्नाकेचला धाकट्या तेसेमाचा जमिनीला कपाळ टेकून नमस्कार.

कशी आहेस? सकाळी कशी असतेस, संध्याकाळी कशी असतेस? मी देवाच्या आणि त्याच्या आईच्या कृपेने बरा आहे. बायको बरी आहे, मुली बऱ्या आहेत, खेचरंही बरी आहेत. आबा किदाने, तुम्हीही बरे असाल. हे पत्र गावचे पाद्री तुम्हीच ताईला वाचून दाखवणार, म्हणून तुमचंही आधीच विचारून घेतो. मागचं पत्र तुम्ही चर्चपुढच्या झाडाखाली बसून अख्ख्या गावाला ऐकवलंत असं कळलं. राजवाड्यातून पत्र आलं म्हणजे गावाला कौतुक असणारच, माझी काही तक्रार नाही.

ताई, याच्याबरोबर मिठाच्या सहा कांड्या, एक गाडगं मध, लाल तिखट आणि तुझ्या झेनेबूला अंगावर घ्यायला काठाची शम्मा पाठवतोय. गेल्या साली पाठवलेला मध परत आला. गाडग्याच्या तोंडावरचं मेण जसंच्या तसं होतं. खेचरवाला म्हणाला, "बाईंनी हात लावला नाही, पण मला पोटभर जेवायला घातलं." म्हणजे परक्या खेचरवाल्याला तुझ्या घरी ताट आणि सख्ख्या भावाचा मध दारातून परत. असो. यंदा ठेवून घे. तुला नको असेल तर वर दाजींना पाठव. कैद्याला मध चालतो, मी विचारून घेतलंय.

सात वर्षं झाली तुला त्या डोंगराखाली राहून. देजाच वोंडेंसारख्या सरदाराची बायको, जिच्या स्वयंपाकघरात चाळीस बायका राबायच्या, ती रोज सकाळी स्वतः इंजेराच्या भाकरी भाजते आणि टोपली डोक्यावर घेऊन अर्धा डोंगर चढते, हे इथे कुणी बोललं की मी दुसरीकडे बघतो. तू म्हणतेस, तेसेमाने आपल्या मेहुण्यासाठी तोंड उघडलं नाही. खेचरवाल्याने सांगितलं मला. पण ताई, मी कोण? सम्राट जेवायला बसले की कुणाची नजर त्यांच्या घासाला लागू नये म्हणून चादर धरून उभा राहणारा माणूस. वीस वर्षं मी चादर धरली. चादर धरणाऱ्याला तोंड नसतं. सम्राट जान्होय जे बोलले ते बोलले. ते स्वर्गात आहेत, आता त्यांना काय विचारणार?

मध ठेवून घे.

लूकचं वर्ष, तिर महिन्याची १५

ताईला नमस्कार, आबांना नमस्कार.

मध परत आला नाही, तेवढ्यावर मी महिनाभर खूश होतो. मग खेचरवाला म्हणाला की तू तो चर्चला देऊन टाकलास. चर्चला दिलास तरी माझ्या नावाने दिला असशील, असं समजतो.

इथली बातमी तुमच्याकडे पोचली असेलच. रास लेमा लढाईवरून परत आला नाही, त्याची ढाल तेवढी आली. जान्होय आजारी पडल्यापासून ज्याच्या खोकल्यावर दरबार उठायचा आणि बसायचा, त्याच्या अंगणात आता गवत वाढलंय. गादीवर जान्होयांचा नातू आहे, नऊ वर्षांचा, आणि त्याच्या मागे रास मेशेशा उभा आहे. जी माणसं लेमाच्या दारात जोडे काढून बसायची तीच आता मेशेशाच्या दारात बसतात. जोडेसुद्धा तेच आहेत. मेजवानीत कोण कुठे बसणार यावरून परवा दोन म्हातारे सरदार एकमेकांचे दंड धरून उभे होते, आणि मधला पोरगा सम्राट विचारत होता, "हे नाचतायत का?"

मेशेशा लेमाने घातलेल्या बेड्या एकेक करून काढतोय. तुमच्या डोंगरावरचे दोघे उतरले, ते तू पाहिलंच असशील. दाजी का उतरले नाहीत, असं तू विचारशील. त्याचं कारण रीत. त्या दोघांना लेमाने आपल्या नावाने बांधलं होतं. दाजींना सम्राटांच्या शब्दाने बांधलंय. गेलेल्या सम्राटाचा शब्द कुणाला फिरवता येत नाही. तो ज्याच्या तोंडून बाहेर पडला त्यानेच चर्चच्या दारात उभं राहून, क्रूसावर हात ठेवून सांगितलं की तो शब्द सम्राटांचा नव्हता, माझा होता, तरच बेडी निघते. आणि मग तीच बेडी सांगणाऱ्याच्या हातात जाते, आधीच्याने जितकी वर्षं घातली तितकी वर्षं.

म्हणजे तसं सांगण्यासारखं काही असलं तर. मी रीत सांगितली फक्त.

जान्होयांचं अर्धं अंग गेल्यावर त्यांचं बोलणं मला एकट्यालाच कळायचं, हे सगळ्यांना माहीत आहे. वीस वर्षं मी त्यांच्या तोंडाजवळ उभा होतो. त्यांना मीठ हवं की पाणी, हे मला ओठ हलायच्या आधी कळायचं. म्हणून तर मला चादरीच्या आत ठेवलं आणि चादर धरायला दुसरे नेमले. तेव्हाचे दिवस कसे होते ते तुला काय सांगू. सकाळी लेमाचा माणूस, दुपारी दाजींचा माणूस, संध्याकाळी इतेगे महाराणींची दासी. ज्यांनी मला कधी नावाने हाक मारली नव्हती ते माझ्या मुलींची नावं विचारायचे. मला बरं वाटायचं, खोटं कशाला बोलू?

आबा, हा शेवटचा भाग झाडाखाली वाचू नका. वाचून झाला असेल तर असो.

लूकचं वर्ष, येकातित महिन्याची ९

ताईला नमस्कार.

सात वर्षांत तुझा पहिला निरोप आला. खेचरवाल्याने तो दारातच उभं राहून सांगितला, माझी बायको ऐकत होती. "बाई म्हणाल्या, त्यांचा बेडीतला हात काळा पडलाय. अजून किती?"

एवढाच. मी त्याला विचारलं, "आणखी काही?"

"आणखी म्हणाल्या, आबांचे डोळे गेले. आता झेनेबू वाचते. तेव्हा काय लिहायचं ते लिही म्हणाव."

तो बराच वेळ खेचराचा पट्टा आवळत राहिला. आवळलेलाच होता तो.

ताई, मी काही हातावर हात ठेवून बसलेलो नाही. रास मेशेशाने मला बोलावलं होतं. दाजींची माणसं अजून सीमेवर त्यांच्या नावाने शपथ घेतात, ती माणसं त्याला हवी आहेत. म्हणून दाजी हवेत, म्हणून मी हवा. सगळं इतकं सरळ आहे.

"तेसेमा, तब्येत कशी आहे?"

"बरी आहे, रास."

"आणि आठवण?"

"वयाप्रमाणे."

"वयाप्रमाणे म्हणजे काही आठवतं, काही आठवत नाही. हरकत नाही. मला घाई नाही. ज्याला घाई आहे तो डोंगरावर बसलाय."

मी म्हणालो, उपास संपू दे. उपासात शपथ घेऊ नये असं म्हणतात. तो म्हणाला, "असं कोण म्हणतं?"

दुसऱ्या दिवशी लेमाच्या पुतण्याने माझ्या दारात एक खेचर बांधून ठेवलं, चांदीच्या घंटांचं. बरोबर निरोप, की काकांच्या वेळचे जे शब्द आहेत ते आहेत तसेच राहिलेले बरे, म्हाताऱ्या माणसाने उगाच उकरू नयेत. म्हणजे माझ्या तोंडाला पुन्हा भाव आलाय. खेचर मी परत पाठवलं. लगेच नाही, चार दिवसांनी.

शिवाय धाकटीचं लग्न ठरतंय. मुलाकडचे मोठे आहेत. बापाच्या हातात बेडी पडली तर ते फिरतील. तूच सांग, मी काय करू? नाही, तू सांगू नकोस. तू काय सांगशील ते मला माहीत आहे.

मलाही ताप येतोय मधूनमधून.

लूकचं वर्ष, मेगाबित महिन्याची २

झेनेबू, बाळा, तुझा मामा लिहितोय.

तू नऊ वर्षांची असताना तुला शेवटचं पाहिलं. तेव्हा तू माझ्या खांद्यावर बसून अंजीर तोडलं होतंस. आता तू सोळा वर्षांची आहेस, स्तोत्रं वाचतेस. पुढचं सगळं आईला मोठ्याने वाचून दाखव. दार लावून घे. मध्ये थांबू नकोस, थांबलीस तर पुढचं वाचायची हिंमत होणार नाही. लिहिताना मी तीनदा थांबलो आणि दरवेळी लिहायचं चामडं खरवडून कोरं केलं. तुला हे वाचायला लावतो, याचीही मला लाज वाटते. पण आबांपेक्षा तू बरी. तुझ्या बापाचं आहे, तुलाच कळू दे.

ताई, मी तोंड उघडलं नाही असं तू सात वर्षं म्हणतेस. मी ते तुला म्हणू दिलं. तो दोष मला परवडणारा होता. भित्रा म्हणवून घेतलं तरी चार माणसांत बसता येतं. खरं असं आहे की मी तोंड उघडलं होतं.

ती हिदार महिन्याची बारावी, सेंट मायकलचा सण. दाजी सीमेवरून जिंकून आले होते. बाहेरच्या दालनात मधाची दारू चालली होती, सगळे होते. मी आतून पाण्याचं भांडं घ्यायला बाहेर आलो तर दाजींनी मला पाहिलं आणि हात पसरून म्हणाले, "या, मेहुणे! बघा रे, लोक भाला उचलून मोठे झाले, आणि आमचे मेहुणे चादर उचलून!"

सगळे हसले. दाजींच्या मनात काही नव्हतं, तुला त्यांचा स्वभाव माहीत आहे. ते मला मिठी मारायला पुढेसुद्धा आले होते. पण दारूचा चषक भरणाऱ्या दासी हसल्या. माझ्या हाताखालचे चादर धरणारे हसले. मी पण हसलो. हसताना भांड्यातलं पाणी माझ्या पायांवर सांडलं आणि त्यावर आणखी एकदा सगळे हसले.

मागून रास लेमा आला. मी इतकी वर्षं जो कुणी विचारेल त्याला सूचित करत आलो की लेमाने मला धमकावलं, माझ्या मुलींची नावं घेतली. तसं झालं नाही. तो एवढंच म्हणाला, "हसू दे त्याला. आज जान्होय काही बोलले तर मोठ्याने सांग, सगळे जमलेत." त्याने काही मागितलं नाही, काही देऊ केलं नाही. मी काय करणार आहे हे त्याला माझ्याआधी कळलं असावं.

मी चादरीच्या आत गेलो. जान्होय तीन दिवस जेवले नव्हते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "वोंडे." स्वच्छ म्हणाले, चादरीबाहेरही ऐकू गेलं. मग हळू, फक्त मला कळेल असं, "वोंडेला बोलव. त्याच्या हातचा घास दे."

लहानपणी दाजी त्यांच्याच ताटात वाढले, हे तुला माहीत आहे. त्यांना त्या हातचा घास हवा होता. दुसरं काही नाही.

बाहेरून लेमाने विचारलं, "जान्होय काय म्हणतात?"

मी म्हणालो, "म्हणतात, वोंडेला बांधा."

ताई, कुणी चादर बाजूला केली नाही. सम्राटांच्या तोंडाकडे बघायचं नाही, ही आपली रीत. सगळे खाली बघत उभे राहिले. फक्त दाजी हसले. मला तो आवाज रोज ऐकू येतो. म्हणाले, "नीट ऐक रे मेहुण्या. परत एकदा विचार."

त्यांनी मला संधी दिली होती. मी खाली वाकलो. जान्होय परत तेच म्हणाले, "वोंडेला बोलव." माझं डोकं त्यांच्या छातीजवळ होतं, त्यांच्या श्वासाला दुधाचा वास होता. मी उठून उभा राहिलो आणि परत तेच खोटं सांगितलं. पहिल्यांदा मी रागाच्या भरात बोललो असेन. दुसऱ्यांदा राग नव्हता. दुसऱ्यांदा फक्त एवढंच वाटलं, की आता शब्द फिरवला तर परत हसतील.

बेडी येईपर्यंत दाजींना त्यांच्याच शम्माने बांधलं. तो सगळा वेळ आत जान्होय तोंड उघडं ठेवून वाट बघत होते. त्यांना वाटलं दाजी आले. मी माझ्या हाताने घास दिला, तो त्यांनी घेतला नाही.

मग मला गाव मिळालं, पदवी मिळाली. तुला जो मध पाठवतो तो त्याच गावचा. तू तो उघडला नाहीस, ते बरं केलंस.

झेनेबू, संपलं. आईला पाणी दे.

लूकचं वर्ष, मियाझ्या महिन्याची २०

ताई,

लग्न मोडलं. मुलाकडचे लोक सभ्य होते, भेटवस्तू परत करून गेले. धाकटी माझ्याशी बोलत नाही. तिची आई बोलते, पण जे बोलते ते लिहिण्यासारखं नाही.

मी काल चर्चच्या दारात उभा राहिलो. क्रूसावर हात ठेवला. रास मेशेशा होता, पोरगा सम्राट होता, इतेगे काळ्या वस्त्रात होत्या. मी ठरवलं होतं की खाली बघून सांगायचं, पण मेशेशा म्हणाला, "मोठ्याने. त्या दिवशी मोठ्याने सांगितलंस ना?" मग मोठ्याने सांगितलं. घासाचंही सांगितलं. इतेगेंनी तोंडावर पदर ओढून घेतला. पोरगा सम्राट रडायला लागला, "आजोबा उपाशी होते का?" असं विचारत. उत्तर मीच द्यायला हवं होतं, त्याने मलाच विचारलं होतं.

एवढ्यात लेमाचा पुतण्या ओरडला, "पैसे खाऊन बोलतोय!" त्यावर मेशेशा म्हणाला, "पैसे खाणारा माणूस बेडी मागून घेतो का?" आणि विषय संपला. मेशेशाला आनंद झालेला दिसत होता. आनंद लपवत नव्हता. दाजींच्या माणसांची त्याने मनात मोजणीही केली असेल.

हुकूम निघालाय. मला वर नेताना वाटेत तुझं गाव लागतं. पहारेकऱ्यांना सांगितलंय की गावाच्या ओढ्यापाशी मला एक दगड उचलू द्यावा. अपराध्याने ज्याचा अपराध केला त्याच्या दारात मानेवर दगड घेऊन उभं राहायचं असतं, तेवढं तरी मी रीतसर करीन. तू बाहेर यायलाच हवं असं नाही.

लूकचं वर्ष, हाम्ले महिन्याची ३
डोंगरावरून

झेनेबू, आईला वाचून दाखव. या वेळी दार लावलं नाहीस तरी चालेल. तुझे बाबा घरात असतील तर त्यांच्यासमोरच वाच.

ताई, इथून तुझं घर दिसतं. सकाळी तुझ्या चुलीचा धूर आधी निघतो, मग बाकी गावाचा. माझा उजवा हात ज्याच्या डाव्या हाताला बांधलाय तो बिरु; हाच सात वर्षं दाजींच्या हाताला होता. त्याला दाजींची आठवण येते. "देजाच किती गोष्टी सांगायचे! तू नुसता बसून राहतोस," म्हणतो. आणि दुसरं म्हणजे, "तुझ्या बहिणीच्या हातचं रोज यायचं, त्यात माझाही वाटा असायचा. आता तिचा सख्खा भाऊ वर आहे आणि टोपली येत नाही. असं काय केलंस रे तू तिचं?"

मी काय केलं ते त्याला ठाऊक आहे. तरी विचारतो. भूक लागते त्याला.

माझ्या मुलींनी पाठवलेली इंजेरा आठ दिवसांच्या वाटेने येते, येईपर्यंत हिरवी होते. आम्ही हिरवं खरवडून खातो. हे तुला वाईट वाटावं म्हणून लिहीत नाही. का लिहितोय ते शेवटी सांगतो.

गिनबोत महिन्याच्या बाराव्या दिवसाबद्दल लिहायचंय. मी तुझ्या फाटकात सकाळपासून उभा होतो. तू एकदाच बाहेर आलीस, माझ्या मानेवरच्या दगडाकडे पाहिलंस आणि विचारलंस, "जड आहे?"

"जड आहे, ताई."

"असू दे. माझी टोपलीही जड असायची." आणि आत गेलीस.

दुपारी दाजींनी मला आत बोलावलं, तेही माझ्यासाठी नाही. पहारेकरी अंगणात बसले होते, गावचे लोक कुंपणावरून बघत होते आणि दाजींना जेवायचं होतं. सात वर्षं उजवा हात बिरुच्या हाताला बांधलेला राहिल्याने त्यांचा घास तोंडापर्यंत नीट जात नाही, अर्धा छातीवर पडतो. लोकांसमोर तसं जेवणं त्यांना जिवावर आलं. मला म्हणाले, "तेसेमा, दगड ठेव. चादर धर."

मी चादर धरली. एकट्याने, दोन्ही हात वर करून. आत ते जेवत होते. मी आत पाहिलं नाही, पण ताटाशी बोटं अडखळत होती ते ऐकू येत होतं. वीस वर्षांत मला चादर इतकी जड लागली नव्हती. मग दाजी हळू आवाजात काहीतरी बोलले. तुझ्याकडे चुलीजवळ ऐकू गेलं नाही. तू तिथून ओरडलीस, "काय म्हणतात ते?"

आणि मी म्हणालो, "म्हणतात, मीठ कमी आहे."

तू लगबगीने मीठ घेऊन आलीस, चादरीखालून ताटात घातलंस. तुझा चेहरा मी पाहिला. इतक्या वर्षांनी नवरा घरी जेवतोय आणि मीठ कमी पडलं, म्हणून तू ओशाळली होतीस. तू चुलीकडे गेलीस. मग दाजी म्हणाले, "बरं. बघू या, या वेळी तुला किती दिवस लागतात." आणि ते खारट ताट त्यांनी शेवटपर्यंत संपवलं.

ताई, मीठ बरोबर होतं. दाजींनी मिठाचं नावही काढलं नव्हतं, आणि मीठ कमी असलं की जेवणारा कसा थांबतो ते मला ऐकूनही पारखता येतं. वीस वर्षं मी तेच करत होतो. तुझ्या हातचं मीठ कधी चुकलेलं मला आठवत नाही.

तू अजून मनात म्हणत असशील की त्या दिवशी आपला हात चुकला. ते मनातून काढून टाक. दाजींनी तुला काही सांगितलं नसणार, याची मला खात्री आहे. शब्द माझ्या तोंडी दिलाय, तो माझ्याच तोंडून यायला हवा, अशी त्यांची वाट बघण्याची रीत आहे. मागच्या वेळी त्यांनी सात वर्षं वाट पाहिली.

ते काय म्हणाले ते मी तेव्हाच सांगू शकलो असतो. सांगितलं नाही, कारण पहिलं वाक्य माझ्या तोंडून निघेना. पहारेकरी होते, कुंपणावर गाव होतं, आणि तू चुलीपाशी आशेने उभी होतीस असं मला वाटलं. पहिलं वाक्य गाळून दुसरं तेवढं सांगावं असंही मनात आलं होतं. दुसरं माझ्या फायद्याचं होतं. तेवढं पाप मी केलं नाही, पण त्याला चांगुलपणा म्हणू नकोस. तेवढा वेळच मिळाला नाही.

आता शब्दाला शब्द लिहितो. झेनेबू, सावकाश वाच.

दाजी म्हणाले, "अस्नाकेचला सांग, मी याला माफ केलेलं नाही. जिवंत आहे तोवर करणार नाही. पण हा वर गेला की याची टोपली आपल्या घरातून जाईल, माझी जायची तशी, रोज."

एवढंच म्हणाले. यात माझं काही नाही, मागेपुढे काही जोडलं नाही, काही गाळलं नाही. टोपली पाठवायची की नाही ते तू ठरव. मी मागत नाही, निरोप पोचवतोय.

दाजींना सांग, एक्कावन्न दिवस लागले.